पाइनपाशी उतरा

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. एक तर मी लेखक वगैरे नाही. दोन बोटांनी टाइप करतो आणि मधेच उठून जातो. दुसरं म्हणजे ज्याची ही गोष्ट आहे तो एरमाल रोज नाझ्मीच्या कॅफेत माझ्या समोरच्याच टेबलाशी बसतो, आणि कुठलाही कागद हातात आला की त्यात सुधारणा करायला घेतो. सुधारणा हा त्याचा आजार आहे. परवा मात्र तोच म्हणाला, "लिहितोयस म्हणे. मग निदान क्रम तरी नीट लाव." याला मी परवानगी समजलो.

तर एरमाल. मुक्काम तिराना, पाइनजवळ.

पाइनजवळ म्हणजे नक्की कुठं, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. बसचा कंडक्टर "पाइन" ओरडतो आणि अर्धी बस उतरते. स्टॉपच्या पाटीवर कुणा थोर माणसाचं नाव आहे, ते कंडक्टरलाही ठाऊक नाही.

गेल्या वर्षापर्यंत एरमाल कॉल सेंटरमध्ये होता. दिवसभर इटलीतल्या म्हाताऱ्यांना फोन करायचा आणि विजेची कंपनी बदला म्हणून गळ घालायची. तिथं त्याचं नाव मार्को होतं, आणि मार्को मिलानला राहायचा. एकदा एका आजीबाईंनी सहज विचारलं, "काय मार्को, हवा कशी आहे तुमच्याकडं?" एरमालनं खिडकीतून बघून सांगितलं, पाऊस आहे. झालं. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापला. मिलानमध्ये ऊन होतं. आपल्याच गावात पडणारा पाऊस नाकारायचा ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरी सोडली.

नोकरी सोडून करायचं काय, तर आजोबांची खोली परदेशी पाहुण्यांना भाड्यानं द्यायची. खोली पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण खिडकीतून दायती डोंगर दिसतो. आजोबा गेल्यापासून खोली रिकामी होती आणि तिच्यावर एरमालच्या मामेभावाचा, अर्यानचा डोळा होता. अर्यान दातांच्या कवळ्या करतो. त्याला साच्यांचं प्लास्टर ठेवायला जागा हवी होती.

निकाल एरमालच्या आईच्या हातात. व्योल्त्सा नर्स म्हणून रिटायर झालेली. तिच्यासमोर फार बोलून चालत नाही, अजूनही इंजेक्शन देईल असं वाटतं. तिनं सांगितलं, "तीन बुकिंगं बघीन. तिघांतला एक जरी माणूस त्या पलंगावर रात्रभर झोपून सकाळी उठला, तर खोली तुझी. नाहीतर अर्यानची. आणि मग तू परत मार्को हो."

"तीन काय, तीस येतील," एरमाल म्हणाला.

"येतील ना. पण घरी कसे येतील? तूच जाऊन स्टॉपवरनं घेऊन ये प्रत्येकाला."

"आई, जगात असं कुणी करत नाही. पाहुण्याला एक कागद पाठवायचा. तो वाचून पाहुणा आपला आपण येतो. त्यात त्याला मजा वाटते."

"कसली मजा?"

"स्वावलंबनाची."

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसा काही ताप मोजायचा राहिलाय.

कागद त्यानं एका दमात लिहिला. "पाइनपाशी उतरा. ब्रेडच्या दुकानावरून डावीकडे वळा. पुढे लाल शाळा लागेल. शाळेच्या भिंतीने सरळ या. ओढा ओलांडला की समोर आमची बिल्डिंग." इंग्रजीत, इटालियनमध्ये आणि हौसेखातर थोड्या जर्मनमध्ये. कुठं संदिग्धता नाही, कुठं पाल्हाळ नाही. वाचून त्याचं त्यालाच समाधान वाटलं.

पहिलं बुकिंग एका डच जोडप्याचं होतं. ते आलंच नाही. म्हणजे तिरानात आलं, पाइनपाशी उतरलंसुद्धा, पण मग दुपारभर बॅगा ओढत हिंडून शेवटी एका हॉटेलात गेलं. निरोप पाठवला तोही सभ्य होता. "तुमच्या पत्रातलं शहर आम्हाला सापडलं नाही."

हा अपमान घेऊन एरमाल नाझ्मीच्या कॅफेत आला. तिथं ताउलांत बसला होता. ताउलांत त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मधली काही वर्षं जर्मनीत ट्रक चालवून नुकताच परत आलेला. त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे तो पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहायचा आणि सगळ्यांना वीट आणायचा.

त्यानं कागद घेतला. "पाइनपाशी उतरा," मोठ्यानं वाचलं. "पाइन कुठाय?"

"स्टॉपवर."

"दाखव."

एरमालनं मान वळवून बोट केलं. तिथं बारा मजली टॉवर होता.

"हा टॉवर आहे."

"त्याच्या आधी पाइन होता."

"कधी तोडला?"

"आपण दुसरीत होतो तेव्हा. तूच तर रडलास."

"बरं. ब्रेडचं दुकान?"

"ते सट्ट्याचं दुकान झालं, मग बँक झाली. आता चष्मे मिळतात."

"लाल शाळा?"

"रंग दिलाय. पिवळा."

"म्हणजे लाल शाळा पिवळी आहे."

"आता रंग काय, निवडणूक आली की बदलतो. शाळेचं नाव तेच आहे ना, लाल शाळा."

"आणि ओढा?"

"ओढा आहे," एरमाल ठामपणे म्हणाला. "जमिनीखालून जातो. ओलांडायचाच आहे त्यांना, पोहायचं नाहीये."

ताउलांतनं कागद टेबलावर ठेवला. "एरमाल, तू त्या बिचाऱ्या डच लोकांना मेलेल्या गोष्टींची यादी पाठवलीस."

खरं सांगायचं तर तोवर एरमालच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं. रोज आम्ही पाइनच्या सावलीत बसची वाट बघतो.

मेलेलं नको तर सरकारी घ्या, असं म्हणून एरमाल पत्ता नोंदवायला एका कचेरीत गेला. खिडकीत एक बाई बसल्या होत्या.

"पत्ता सांगा."

"पत्ता नाही म्हणूनच आलोय. बिल्डिंगला नंबर नाही, रस्त्याला तीन नावं आहेत. एक काय ते ठरवून द्या."

"पत्ता नसेल तर अर्ज कुठल्या भागात घालू?"

"पाइनच्या."

"मग आधी नाही का सांगायचं," बाई एकदम खुलल्या. "मी पण तिकडचीच. ब्रेडच्या दुकानामागं." मग त्यांनी पडद्यावर नकाशा काढला, पुढं सरकवला, मागं सरकवला आणि चष्मा वर केला. "इथं तर द्राक्षाचा मळा आहे."

"कुठं?"

"तुम्ही राहता तिथं."

"बाई, माझा जन्म त्या बिल्डिंगमध्ये झालाय."

"असेल ना. मळ्यात झालाय."

"आम्ही घरपट्टी भरतो."

"ते खातं वेगळं. त्यांच्याकडं बिल्डिंग असेल." बाईंना त्याची दया आली असावी. "असं करा, तिथं राहता याचा पुरावा आणा. पाण्याचं बिल चालेल."

बिल खिशातच होतं. त्यानं ते काचेखालून सरकवलं. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि परत सरकवलं. बिलावर छापलं होतं, "व्योल्त्सा नर्स, पाइनजवळ."

यानंतर घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी शेजाऱ्यांची मदत सुरू झाली. पहिले आले इल्मीकाका. इल्मीकाका आमच्या तळमजल्यावर राहतात. ऐंशीच्या घरात आहेत. जुन्या राजवटीत सैन्यासाठी नकाशे काढायचे, आणि तेव्हा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, कारण बोलायला बंदी होती. बंदी उठल्यापासून भरपाई चालू आहे.

"कागद कसला लिहितोस पोरा," ते म्हणाले. "नकाशा पाहिजे. मी देतो काढून."

काकांनी चार दिवस खपून नकाशा काढला. काय नकाशा होता. प्रत्येक गल्ली, प्रत्येक जिना, उंची दाखवणाऱ्या रेघा, उत्तरेचा बाण. एरमालनं तो दुसऱ्या पाहुण्याला पाठवला. हा बेल्जियमचा एक सायकलवाला होता, नकाशे वाचण्यात पटाईत. त्यानं रस्ता अचूक पाळला. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाड्या धुण्याच्या एका जागेवर उभा होता. तिथल्या लोकांनी त्याची सायकल धुऊन दिली होती आणि त्याला जेवायला बसवत होते. त्यानं मुक्काम तिथंच जवळपास केला.

एरमाल नकाशा घेऊन तळमजल्यावर गेला. "काका, यात आपली गल्ली डावीकडं दाखवलीय. ती उजवीकडं आहे."

"बरोबर आहे."

"आणि मोठ्या रस्त्यावरचा पूल? तो नाहीच."

"पूल मी कधीच दाखवत नाही."

"अहो पण का?"

"पोरा, तीस वर्षं मी नकाशे काढले ते असेच. शत्रूच्या हाती लागला तर तो पोचू नये म्हणून." काकांनी नकाशावरून हात फिरवला. "पोचला का तो?"

"नाही."

"बघ," काका समाधानानं म्हणाले, "हात अजून शाबूत आहे माझा."

दोन बुकिंगं गेली. अर्यान एकदा टेप घेऊन येऊन खोलीच्या भिंती मोजून गेला. जाताना प्लास्टरचं एक पोतं जिन्यात ठेवून गेला. उगाच, आलो होतो म्हणून. एरमाल येताजाता त्या पोत्याला वळसा घालायचा, आणि दर वेळी त्याच्या कानात आजीबाई विचारायच्या, काय मार्को, हवा कशी आहे.

मग त्यानं बाण काढायचं ठरवलं. शब्द नकोत, नकाशे नकोत. स्टॉपपासून दारापर्यंत भिंतींवर पिवळे बाण. आंधळासुद्धा पोचला पाहिजे, असं तो म्हणाला. आंधळा कसा पोचणार ते त्यानं सांगितलं नाही.

पहिले तीन बाण बिनविरोध झाले. चौथा नाझ्मीच्या कॅफेच्या भिंतीवर काढताना नाझ्मी बाहेर आला.

"हा बाण माझ्या दारावरनं पुढं जातोय."

"पुढंच जायचंय त्याला."

"माणूस एवढ्या लांबून आलाय, उन्हातनं आलाय, आणि तू त्याला कॉफी न पाजता माझ्या दारावरनं हाकलतोयस? लोक मला काय म्हणतील? बाण आत वळव."

बाण आत वळला. कॉफी झाल्यावर माणूस बाहेर यायला हवा म्हणून मागच्या दारी दुसरा काढावा लागला. मागच्या दारासमोर द्रितामावशीचं बुरेकचं, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत पापुद्र्यांचं, दुकान. मावशी कणकेचे हात कमरेवर ठेवून उभीच होती.

"नाझ्मीकडं बाण जातो आणि माझ्याकडं येत नाही होय? तुझ्या बारशाला बुरेक कुणी दिले होते?"

मग तिच्याकडे. तिच्याकडून चांभाराकडे, कारण चालून चालून पाहुण्याचे बूट झिजणार. तिथून आमच्या कोपऱ्यावरच्या गाड्या धुणाऱ्याकडे. त्याच्याकडे पाहुण्यानं गाडी नसताना काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण त्याला वगळलं असतं तर तो बोलायचा बंद झाला असता. शेवटी बाणांमागून जाणारा माणूस सगळीकडून फिरून, भरल्यापोटी, परत स्टॉपवर यायला लागला.

भिंती रंगवल्याची तक्रार झाली आणि एक साहेब चौकशीला आले. गुन्हेगार बाणांच्या शेवटी सापडेल असा त्यांचा साधा हिशेब. नाझ्मीकडे कॉफी झाली, मावशीकडे पालकाचा बुरेक झाला, चांभारानं टाच ठोकून दिली. आले तसे स्टॉपवर पोचले आणि समोर आलेल्या बसमध्ये बसून निघून गेले. पुढच्या आठवड्यात माणसं येऊन बाण पुसून गेली. पण बाण म्हणजे टोक, अशी त्यांची समजूत असावी. टोकं तेवढी पुसली. रेघा आहेत अजून.

आता तिसरं बुकिंग. उर्मास नावाचा एक एस्टोनियन गृहस्थ, तीन रात्रींसाठी. जन्मभर दीपगृहावर नोकरी करून निवृत्त झालेला. म्हणजे रस्ता दाखवणं हाच त्याचाही धंदा. यानंही घर चुकवलं तर खोली गेलीच.

एरमालनं नाझ्मीच्या कॅफेत सगळ्यांना बोलावलं. नाझ्मी, मावशी, इल्मीकाका, चांभार, झाडून सगळे.

"हे बघा," तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी मला फार मदत केलीत. आता एकच करा. माणूस उतरेल, तुम्हाला विचारेल. तेव्हा फक्त हात दाखवायचा. कुठं न्यायचं नाही, बसवायचं नाही, खायला घालायचं नाही. हात दाखवायचा आणि आपल्या कामाला लागायचं."

"नुसता हात दाखवायचा?" द्रितामावशीनं विचारलं. "हात दाखवून अवलक्षण. माझ्या दारात माणूस उभा आणि मी काय वाहतुकीचा पोलीस आहे?"

"मावशी, माझी खोली जाईल."

मार्कोची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. नाझ्मीनं शब्द दिला म्हणून छातीवर हात ठेवला. मावशीनंही ठेवला. इल्मीकाका म्हणाले, हात उजवीकडं दाखवायचा ना, मग तसं सांग. एरमालनं त्यांना तीनदा तसं सांगितलं.

ठरलेल्या दुपारी एरमाल वर खोलीत बसला. पलंगावर चादर ताणलेली, टॉवेलची घडी, तांब्याभर पाणी. खाली जायचं नाही हा त्याचा निश्चय. तो खाली दिसला असता तर सगळा प्रयोगच फुकट गेला असता. ताउलांत कॅफेबाहेर बसून फोनवर बातम्या देत होता.

"उतरला."

"कसा आहे?"

"उंच. पांढरी दाढी. टोपी आहे. बॅग खाली ठेवली. टॉवरकडं बघतोय."

"कागद काढला का?"

"काढला. ठेवला परत खिशात. नाझ्मीकडं येतोय."

"नाझ्मी काय करतोय?"

"हात दाखवतोय."

"शाबास."

"चांगला दाखवतोय. उजवीकडं. आणि दुसऱ्या हातानं त्याची बॅग उचलली."

"अरे, थांबव त्याला."

"मी कसा थांबवू? मी पाहुणा नाही नि यजमान नाही. बसवलं त्याला. कॉफी आली. रस्ता दाखवायचा थांबला नाहीये हं तो, हात अजून वरच आहे."

एरमालनं डोळे मिटून घेतले. फोनवर बराच वेळ नुसते कपबश्यांचे आवाज येत राहिले.

"उठला. मावशीच्या दारात आहे आता. मावशी हात दाखवतेय. हातात बुरेक आहे पण."

"खाल्ला?"

"दुसरा खातोय."

"पुढं?"

"आता चालू पडला. मी मागोमाग आहे. बरोबर चाललाय. आपल्या गल्लीत वळला. एरमाल, बिल्डिंग दिसली त्याला. खरंच आला की."

एरमाल उठून दारात उभा राहिला. चेहऱ्यावर यजमानाचं हसू आणलं. जिन्यात पावलं वाजली. मग वाजायची थांबली.

"ताउलांत, कुठाय तो?"

"इल्मीकाकांनी दार उघडलं," ताउलांत हळू आवाजात म्हणाला. "हात दाखवला. आतल्या बाजूला. दार लागलं."

एरमाल पाच मजले धावत उतरला. प्लास्टरच्या पोत्याला अडखळला. इल्मीकाकांनी दार फटीएवढं उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलाय."

"काका, तो माझा पाहुणा आहे."

"उंबरा माझा ओलांडलाय. जिना चढायच्या आधी घोटभर राकी घे म्हटलं, बसला. मग जेवला. आता झोपलाय. घरात झोपलेला माणूस मी दुसऱ्याच्या हवाली करू? माझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

"तुमचे वडील वारले, काका."

"म्हणून तर."

आतून त्या दीपगृहवाल्याचं घोरणं ऐकू येत होतं. शांत, संथ, समुद्रासारखं.

दुसऱ्या दिवशीही तेच. काकांना रशियन येत होतं, उर्मासलाही येत होतं, आणि दोघांनाही ते आवडत नव्हतं. त्यामुळे गप्पा फार जमल्या. दीपगृहाचा माणूस आणि न पोचवणारे नकाशे काढणारा माणूस. विषयाला तोटा नव्हता. एरमाल मधूनमधून जाऊन "वर खोली तयार आहे" असं सांगून यायचा. उर्मास दर वेळी उभा राहून आभार मानायचा आणि खाली बसायचा. दुसरी रात्रही तळमजल्यावर गेली.

आणि इथं गोष्ट फिरली, ती एरमालच्या कुठल्याही कागदानं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी व्योल्त्सा बुरेक आणायला गेली आणि द्रितामावशीनं सगळ्या रांगेदेखत विचारलं, "काय गं, तुमचा पाहुणा म्हणे इल्मीकडं झोपतो? तुमच्याकडं पलंग मोडलाय का?"

व्योल्त्सा बुरेक न घेता परत आली. ॲप्रन बदलला. इल्मीकाकांचं दार वाजवलं. एरमाल जिन्यात उभा राहून ऐकत होता.

"इल्मी, माणूस दे."

"अगं व्योल्त्सा, पाहुणा आहे तो."

"दोन दिवस झाले. तुझा मान झाला. माझ्या घरची चादर दोन दिवस तशीच ताणलेली आहे. माझ्या घरातनं पाहुणा पळाला असं गाव म्हणतंय."

"त्याला इथं बरं वाटतंय."

"तुझ्या ऑपरेशननंतर महिनाभर रोज इंजेक्शन कोण देत होतं?"

काकांचा हात आपोआप दंडाकडं गेला.

"एकदा तरी दुखलं होतं?"

"नाही," काका पडलेल्या आवाजात म्हणाले. अशा युक्तिवादापुढं तो जुना नकाशेवाला काय करणार. "पण बॅग मी वर नेणार."

"पाच मजले चढून परत माझ्याच हातात पडायचंय का? टोपी ने."

अशी मिरवणूक निघाली. पुढं व्योल्त्सा, मागं उर्मास, त्याच्या मागं बॅग घेऊन एरमाल, मग दोन्ही हातांत टोपी धरून इल्मीकाका. वाटेत ज्याच्या त्याच्या दारातून काही ना काही हातात येत होतं. कुठं चीज, कुठं अंजिरं, एकीनं उशी दिली. चौथ्या मजल्यावर काकांना बसवून वारा घालावा लागला, पण टोपी त्यांनी सोडली नाही. एरमालच्या मनात एकच धास्ती. हा वर पोचून म्हणेल, खोली छान आहे, येतो मी, खाली काका वाट बघतायत.

उर्मास खोलीत गेला. खिडकीतून डोंगर बघितला. पलंगावर बसला, हातानं चादर चाचपली, बूट काढले. व्योल्त्सानं सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं आणि दाराशी खुर्ची टाकून स्वतः बसली. जन्मभर पेशंट सांभाळलेली बाई. त्या रात्री तिकडे फिरकायची कुणाची हिंमत झाली नाही.

सकाळी उर्मासनं बाहेर येऊन तिच्या हातची कॉफी घेतली. तिनं त्याचं बोलणं न कळता ऐकलं, कप उचलले आणि एरमालला म्हणाली, "ते पोतं अर्यानकडं टाकून ये. जिन्यात घाण नको."

एरमालनं ते पोतं एकट्यानं, पायी, अर्यानच्या घरापर्यंत नेलं. वाटेत कुणी मदत करायला आलं तर तो नको म्हणायचा. एवढं हलकं ओझं त्यानं आयुष्यात उचललं नव्हतं.

आठवड्यानं उर्मासचा अभिप्राय आला. सगळीकडे पाचपैकी पाच तारे. खाली "पुढच्या प्रवाशांसाठी सूचना" असा रकाना असतो, तिथं त्यानं लिहिलं होतं, "यजमानांनी पाठवलेला कागद वाचू नका. बसमधून उतरा. बॅग खाली ठेवा. हरवल्यासारखे दिसा. पुढचं सगळं आपोआप होतं. शक्यतो जेवून येऊ नका."

यानंतर बुकिंगांची रीघ लागली. माणसं उतरतात, बॅग खाली ठेवतात, हरवतात. नाझ्मी नाहीतर मावशी त्यांना उचलते, आणि दोनचार घरं फिरून संध्याकाळपर्यंत ती पाचव्या मजल्यावर जमा होतात. काकांना आठवड्याला एक पाहुणा एका जेवणापुरता द्यायचा, रात्री नाही, असा करार व्योल्त्सानं करून घेतलाय. सगळं सुरळीत चाललंय.

म्हणजे एरमाल सोडून सगळं. त्याच्या मनाला "कागद वाचू नका" हे लागलंय. परवा तो कॅफेत आला तो बगलेत नवा कागद घेऊनच. ताउलांत आणि तो माझ्या समोरच्या टेबलाशी होते.

"काल एक ऑस्ट्रियन बाई आली," एरमाल म्हणाला. "उतरली, बॅग ठेवली, आणि उभी कशी राहिली माहितीये? ताठ. तोंडावर आत्मविश्वास. कुणी विचारलंच नाही तिला. तासभर उभी."

"मग?"

"मग शेवटी दमून कठड्यावर बसली, तेव्हा कुठं मावशी धावली. लोकांना हरवल्यासारखं दिसता येत नाही, ताउलांत. शिकवायला पाहिजे. मान किती वाकडी, बॅग कुठल्या हाताला, नजर कुठं. मी लिहिलंय सगळं. आकृत्या तेवढ्या राहिल्यात, तू जरा स्टॉपवर उभा राहतोस का?"

ताउलांतनं कप खाली ठेवला. कागद बघितला नाही, एरमालकडे बघितलं.

"खोली कुणाची आहे?"

"माझी."

"मार्को कुठाय?"

"मेला."

"मग मला शब्द दे. इथं, नाझ्मीसमोर."

नाझ्मीनं काउंटर पुसायचं थांबवलं. आमच्याकडे नाझ्मीसमोर दिलेला शब्द फिरवता येत नाही. फिरवला तर कॉफी पुढच्या चौकात जाऊन प्यावी लागते.

एरमालनं बराच वेळ कागदाकडे पाहिलं. पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून मलाही कळत होतं. मग त्यानं छातीवर हात ठेवला.

"दिला शब्द," तो ताउलांतला म्हणाला. "पाहुणा ताठ उभा राहू दे नाहीतर वाकडा, मी इथं बसून बघेन, जीव खालीवर होईल माझा, पण काहीही सुधारणार नाही."